एका इंचाचं रबर

ती हसली ते ब्रेकरच्या आधी. ब्रेकरवर नाही, नंतर नाही, आधी. मी आरशात बघत होतो, कारण नव्या गाडीचा आरसा कसा आहे ते बघायचं होतं, आणि आरशात नेमकी बायको होती, मागच्या सीटवर, प्लास्टिकचं वेष्टण अजून न काढलेल्या सीटवर, एक हात वरच्या कडीला. शाळेपुढचा ब्रेकर आला, मी ब्रेक दाबला, आणि पुढची चाकं त्या उंचवट्याला टेकलीसुद्धा नव्हती तेव्हा तिच्या तोंडावर हसू आलं. एकदम तयार, इस्त्री केलेलं. मग धप्प. मग मागची चाकं, पुन्हा धप्प. हसू तसंच. रस्ता सपाट झाला आणि हसू गेलं, दिवा मालवावा तसं. "कशी आहे?" मी विचारलं. "मस्त. घेऊन टाका," ती म्हणाली. चारचौघांत ती मला अहोजाहो करते, घरात अरेतुरे. माझ्या शेजारी बसलेल्या शोरूमच्या बाई लगेच मागे वळल्या, "बघा, मॅडमना आवडली. सोळा इंची चाकांची ऐटच वेगळी, साहेब." मी हो हो म्हणत गाडी वळवली. पण ते हसू माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. फोटो काढताना लोक असं हसतात. इंजेक्शन घेताना हसतात. ब्रेकरवर कोण हसतं?

आता आमच्या घराचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर माझी पंचाईत कळायची नाही. आमच्याकडे ओरडला तो हरला. कुणी हा नियम केला नाही, लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तो आपोआप झाला. मी हिला घाबरवायला कपाटात लपून बसलो होतो. हिनं दार उघडलं, माझ्या डोक्यावरचा टॉवेल काढून घेतला, दार लावलं आणि अंघोळीला गेली. एक शब्द नाही. मी आत घामाघूम, बाहेर यावं की न यावं कळेना. तेव्हाच मला समजलं की आपली गाठ कुणाशी पडली आहे, आणि तेव्हाच, खरं सांगायचं तर, मी हिच्या प्रेमात पडलो, लग्न आधीच झालेलं असल्यामुळे फार सोयीचं पडलं. मग काय, मी तिच्या चहात मीठ घातलं, तिनं तो तळापर्यंत पिऊन "अजून आहे?" विचारलं. तिनं माझ्या बुटात गजर लावलेलं घड्याळ ठेवलं, तो गजर दुकानात गिऱ्हाइकापुढे वाजला, मी म्हटलं, "बघा, बुटांची चालायची वेळ झाली," आणि चष्मा विकला. रबरी पाल, खोटा बर्फ, चष्म्याच्या काचेला साबण, सगळं झालं. लेक तर या शाळेतच वाढली. लहानपणी सुई टोचली तरी ती डॉक्टरांकडे अशी बघायची की डॉक्टरच सॉरी म्हणायचे. तेव्हा या घरात माणसाचा चेहरा म्हणजे बंद शटर. आत दुकान चालू आहे की नाही, बाहेरून कळत नाही. आणि ही गोष्ट मला इतकी वर्षं फार मजेची वाटत आली होती.

चाकांचं म्हणाल तर प्रश्न साधाच होता. जुनी गाडी आता दम टाकायला लागली होती. रोजच्या वापराची, कमी तेल पिणारी, छोटी गाडी घ्यायची ठरली, गाडीही ठरली, रंगही ठरला, आणि मग चाकांवर येऊन घोडं अडलं. एक चौदा इंची, एक सोळा. शोरूमच्या बाईंनी नीट समजावलं, त्या माझ्याच दुकानातला चष्मा लावतात आणि तरी माहितीपत्रक हात लांब करून वाचतात, कारण मी दिलेला वाचायचा चष्मा त्या पर्समध्ये ठेवतात. "बाहेरून उंची दोन्हींची सारखीच, साहेब. फक्त सोळात आतलं चाक मोठं आणि वरचं रबर पातळ. चौदात चाक लहान, रबर जाड. बोटभर, इंचभराचा फरक. चौदाला गाडी थोडी कमी तेल पिते, खड्ड्यात मऊ जाते. पण दिसायला..." इथे त्यांनी नाक असं काही मुरडलं की पुढचं सांगायची गरज पडली नाही. चौदाच्या चाकावर प्लास्टिकची ताटली होती, राखाडी. सोळाचं चाक चकचकीत, पाच पाकळ्यांचं, उभ्या गाडीतसुद्धा पळतंय असं वाटणारं. मला सोळा पाहिजे होतं. का ते विचारू नका. आमच्या जुन्या गाडीला मेव्हणा आल्यागेल्या प्रत्येक वेळी विचारायचा, "भावोजी, हिला चाकं लावलीत की शर्टाची बटणं?" आणि मी हसायचो. आयुष्यभर लोकांना हसवणाऱ्या माणसाला एकदा तरी वाटतं की आपली गाडी बघून कुणी हसू नये. नवे बूट घातलेल्या पोरासारखी ती गाडी उभी होती. बायको माझ्याकडे बघत होती, गाडीकडे नाही. "सोळाच घ्या," ती म्हणाली, "किती दिवसांनी काहीतरी तुम्हाला शोभेलसं आलंय."

दुसऱ्या दिवशी दुकानात बसलो तर काम सुचेना. माझं काम म्हणजे समोरच्याच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची, मग दुसरी, आणि विचारायचं: आता बरं, की मघाशी? दिवसभर एवढंच. आता बरं, की मघाशी. माणूस समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचतो आणि मी त्याला वाचतो. आणि सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे मला ती कडी धरलेली मूठ दिसत होती. आता बरं, की मघाशी? मग एकेक आठवायला लागलं, न बोलावता. ही हल्ली मागे बसते. "तू ड्रायव्हर, मी साहेबीण," म्हणून तिनं ते सुरू केलं होतं, आणि मला तो डाव इतका आवडला होता की मी दार उघडून सलाम ठोकायचो. पण मागे बसून ती पाय सीटवर आडवे घेते. जमिनीवर पडलेला पंचा ती पायाच्या बोटांनी उचलते. "माकडाची कला," मी म्हणालो होतो, "माकडाचीच बायको," ती म्हणाली होती, आणि आम्ही दोघं किती हसलो होतो. जिन्याखाली आलं की म्हणते, "तू हो पुढे, मी आले." मला वाटायचं, मागे राहून काहीतरी कट शिजवतेय, म्हणून मी वर जाऊन दाराआड दबा धरून बसायचो आणि ती यायची फार हळू, एकेका पायरीवर थांबत, आणि मी दाराआड तोंड दाबून हसत असायचो की बघा, कशी चोरपावलांनी येतेय! चोरपावलं. काच हातात धरून मी उभाच होतो, आणि चौकट लावलेले काका म्हणाले, "अहो, मला काहीच दिसत नाहीये." मी म्हटलं, "काका, मलाही."

लेकीला फोन लावला. ती लांबच्या शहरात असते, तिथे दर महिन्याला नव्या गाडीनं जायचं असं आमचं ठरलं होतं, रस्त्यात कुठे थांबायचं, कुठे चहा प्यायचा इथपर्यंत. "सोळा घेतोय," मी सांगितलं. "बाबा, तू आता केसही रंगवणार का?" ती म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्या आईची कंबर वगैरे दुखते का गं?" "तिला विचार ना." "ती सांगेल?" "नाही," लेक म्हणाली, "मला विचारलंस तर मीपण सांगणार नाही. आपल्या घरात कोण सांगतं?" आणि मग तिनं विषय बदलला, अगदी आईसारखा, शटर खाली.

सरळ विचारता आलं असतं. विचारलंही, रात्री जेवताना, सहज आवाजात. तिनं माझ्याकडे बघितलं, घास चावला, म्हणाली, "माझ्या कमरेत काय आहे? खूप दिवसांत तू कमरेची चौकशी केली नाहीस, आज काय विशेष?" आणि डोळा मारला. असल्या बाईकडून खरं कसं काढायचं? मग मला माझी दुकानातली युक्ती आठवली. काही गिऱ्हाइकं खोटं बोलतात, मुद्दाम नाही, मला बरं वाटावं म्हणून. प्रत्येक काचेला "आता बरं" म्हणतात. त्यांना मी तीच काच दुसऱ्यांदा लावतो. काढायची, खडखड करायची, तीच परत सरकवायची. "आता?" "हां, आता जरा बरं." मग मला कळतं की यांना काही दिसत नाहीये, हे आपले माझ्यावर माया करतायत.

शोरूमच्या बाईंना मी कटात घेतलं. त्यांचे डोळे असे चमकले की वाटलं, या बाईचा जन्म गाड्या विकण्यात फुकट गेला. शोरूमच्या मागे एक गल्ली होती, तिच्यात एकापाठोपाठ एक ब्रेकर, कुणीतरी रागाच्या भरात घातल्यासारखे. दोन्ही गाड्या तिथे आणल्या, चौदा आणि सोळा, रंग एकच, सीटवर प्लास्टिक दोन्हींच्या. आधी मीच मागे बसलो, डोळ्यांना रुमाल बांधून, बाई गाडी चालवायला. धप्प, धप्प. "सोळा!" मी छाती फुगवून म्हणालो. "चौदा, साहेब." पुन्हा. "आता चौदा." "आत्तापण चौदाच. मी बदललीच नाही." मला काडीचाही फरक कळला नव्हता. एवढ्या हळू वेगात इंचभर रबर म्हणजे काय, चार पापड कमी की जास्त. मला हायसं वाटलं. हेच हवं होतं. तिलाही कळणार नाही, ती काहीतरी ठोकून देईल, निम्मं चुकेल, मी हसेन, सोळा घेऊन घरी जाऊ.

ती आली. रुमाल बांधून घेताना म्हणाली, "हे काय, पळवून नेताय का मला?" "कोण देणार पैसे सोडवायला?" मी म्हटलं. "तेही खरं," म्हणाली आणि बाईंचा हात धरून बसली. पहिली फेरी मी सोळाची केली. आरशात बघत होतो, रस्ता कमी, आरसा जास्त. रुमालाच्या खाली फक्त ओठ दिसत होते. डोळे बांधलेले असल्यामुळे ब्रेकर कधी येणार ते तिला कळत नव्हतं, म्हणून आज हसू आधी येत नव्हतं. आज ते नंतर येत होतं. धप्प, आणि मग ओठ आत, मग हसू. किंचित उशिरा, गाडी सुटत आलेल्या माणसासारखं धावत. दुसरी फेरी चौदाची. "आता बरं, की मघाशी?" "मघाशी," ती पटकन म्हणाली, "मघाशीच झकास होतं." मग मी युक्ती केली. तिला उतरवलं, दारं आपटली, बाईंनी किल्ल्या खुळखुळवल्या, आणि पुन्हा त्याच चौदात बसवलं. तीच काच. धप्प, धप्प. "आता?" ती तोंड वाकडं करून म्हणाली, "ही तर तीच आहे. दुसऱ्या फेरीचीच. मला येडी समजता काय? पहिली आणा." पहिली आणली. पहिल्याच ब्रेकरला तिची मूठ कडीवर आवळली, बोटांची पेरं पांढरी झाली, आणि ओठ म्हणाले, "ही! हीच ती. हीच घ्या. सांगितलं होतं ना, सोळाच बेस्ट." बाईंनी टाळी वाजवली, "मॅडम, सगळी बरोबर! साहेबांना एक आलं नाही!"

ती रुमाल सोडून जिंकल्यासारखी हसली. आणि मी गाडी बाजूला लावून स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलो. दुकानात एखादा माणूस खालची सगळ्यात बारीक ओळ न अडखळता धडाधडा वाचतो ना, तेव्हा मी खूश होत नाही. तो पाठ करून आलेला असतो. आमची ही संध्याकाळी दुकानात गल्ल्यावर बसते, माझी एकेक युक्ती हिला माहीत, तीच काच दोनदा हेही माहीत. सगळं सांभाळलं तिनं, फक्त एक विसरली: कळायलाच नको होतं. ज्याला दुखत नाही त्याला त्या इंचभर रबराचा पत्ता लागत नाही, मला कुठे लागला? हिला अंधारात, डोळे बांधून, प्रत्येक वेळी लागला. कुठलं चाक जास्त दुखवतं ते ओळखायचं आणि मग त्यालाच बरं म्हणायचं. कारण मला ते पाकळ्यांचं चाक आवडलं होतं. बाहेर बाई पत्रकं चाळत होत्या, मागे ही प्लास्टिकवर चुळबुळ करत पाय आडवे घेत होती. पकडलं होतं मी तिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पकडलं होतं. आता फक्त म्हणायचं होतं, "हरलीस." पण म्हणालो नाही. कारण मी ते म्हणालो असतो तर दुसऱ्या क्षणापासून मी शहाण्यासारखा वागायला लागलो असतो. तिच्या हातातली पिशवी घेतली असती, दाराआड लपणं सोडलं असतं, चहात साखरच घातली असती. आणि ते तिला माझ्याआधी कळलं होतं. म्हणून तर शटर.

"चौदा द्या," मी बाईंना म्हणालो. "अहो!" बायको म्हणाली, "एवढ्या परीक्षा घेतल्या त्या कशाला? माझी नजर उतरवायला?" "तेल कमी पिते," मी म्हटलं, "आणि सोळाच्या पाकळ्या पुसणार कोण? तुझा भाऊ?" ती फक्त माझ्याकडे बघत राहिली, मी गिऱ्हाइकाकडे बघतो तशी.

गाडी मिळाली त्या दिवशी संध्याकाळी ती मागे बसली, साहेबीण. बसण्याआधी मी मागच्या दाराच्या कडेला असलेला तो बारका खटका खाली केला, पोरांनी आतून दार उघडू नये म्हणून असतो तो. तिनं बघितलं नाही. निघालो. राखाडी ताटल्यांची गाडी, बटणंच बटणं. शाळेपुढचा ब्रेकर आला. मी आरशात बघितलं, हसू निघायच्या बेतात होतं, आणि तेवढ्यात मी जोरात ओरडलो, "आई गं!" ती दचकली. "काय झालं?" "दुखलं," मी म्हटलं. "काय दुखलं?" "माहीत नाही. सगळंच." ती म्हणाली, "हरलात." "हरलो," मी म्हणालो. पुढचा ब्रेकर. "आई आई आई गं!" शेजारच्या रिक्षावाल्यानं वाकून आत बघितलं. "अरे, लोक बघतायत!" तिनं मला रस्त्यात, उघड्या खिडकीतून, चारचौघांत अरे म्हटलं होतं. "बघू देत. हरलेल्या माणसाला कसली लाज?" मग बाजाराजवळचा ब्रेकर, मग पुलाखालचा, मी प्रत्येकावर इमानदारीत हरत गेलो, आणि ती आधी चिडली, मग हसली, मग हसताना कमरेवर हात ठेवायला लागली, आणि मग गप्प झाली. शेवटचा ब्रेकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मी तोंड उघडलं, पण ओरडलो नाही. गाडी चढली, उतरली. आरशात हसू आलं नाही. मागून आवाज आला, अगदी लहान, जड पिशवी खाली ठेवताना येतो तसा.

"आई गं."

मी वळलो नाही. "कुठे?" विचारलं. "पुढे बघ तू," ती म्हणाली. मी पुढे बघितलं. "डावीकडे. खाली. पायात उतरतं." "कधीपासून?" "पडदे लावून स्टुलावरून उतरताना." पडदे आम्ही मागच्या दिवाळीआधी कधीतरी... मी म्हणायला गेलो आणि थांबलो, हिशोब नको होता. "डॉक्टर," मी म्हटलं. "जाऊ," ती म्हणाली, "पण एक सांगते. तू जर मला जपायला लागलास ना, घरात चपला हातात घेऊन वावरायला लागलास ना, तर मी माहेरी जाईन." "तुझ्या माहेरी आता तुझा भाऊ असतो." "तोच तर मुद्दा आहे. म्हणजे बघ किती वैतागेन मी." "लेकीकडे कसं जायचं मग?" "थांबत थांबत. मी ओरडत. तू चालवत."

घरासमोर गाडी लावली, काचा वर केल्या. मी उतरलो, वळसा घालून तिच्या दाराशी आलो, नेहमीसारखा ताठ, सलाम ठोकून उभा. तिनं आतून दार ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं. काचेतून माझ्याकडे बघितलं. मी आकाशात बघत होतो. तिनं काचेवर थापा मारल्या, आत काहीतरी म्हणत होती, ऐकू येत नव्हतं, पण ओठ मला वाचता येतात, त्यातला एकही शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. शेवटी ओरडली. खणखणीत. मी दार उघडलं. "हरलीस," मी म्हटलं, आणि हात पुढे केला. तिनं तो धरला. नेहमी ती नुसती बोटं टेकवते. आज तिनं सगळं वजन टाकलं, पूर्ण, माझा खांदा खाली गेला, आणि ती माझ्या छातीला क्षणभर टेकून उभी राहिली, तशीच, गल्लीत, सगळ्यांदेखत. मग जिन्याकडे निघाली. कमरेवर हात ठेवून, हळूहळू, आणि आज "तू हो पुढे" म्हणाली नाही.

मी जरा मागे थांबलो. डोळ्यांचं मला बघायचं होतं, माझ्याच. ते लपवायला म्हणून खाली वाकलो, त्या कुरूप ताटलीच्या चाकाशी, आणि वरचं जाड रबर अंगठ्यानं दाबून बघितलं. बऱ्यापैकी जाड होतं. शाबास, म्हटलं त्याला, कान पुढच्या बंपरला जवळजवळ लागला होता. आणि गाडी माझ्या कानात किंचाळली. सगळे दिवे पेटले, हॉर्न बोंबलला, मी मागच्या मागे गल्लीत बसलो आणि ओरडलो, "आई गं!" खराखुरा. खिसा चाचपला. किल्ली नव्हती.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती कठड्याला धरून उभी होती, पाठमोरी. तिनं वळूनही बघितलं नाही. फक्त किल्ली धरलेला हात वर केला आणि म्हणाली, "चल वर. माकडा."